कुत्रीच्या किंवा मांजरीच्या नसबंदीआधी घरी करायची तयारी

मादीच्या नसबंदीत पोट उघडून अंडाशय काढतात, बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. डॉक्टरांसाठी हे रोजचं काम असलं, तरी पूर्ण भूल देऊन केलेलं हे पोटाचं ऑपरेशन आहे. टाके घालणं डॉक्टरांचं काम. पण जनावर टेबलावर कोणत्या अवस्थेत पोचतं, ते घरच्यांच्या हातात असतं.

आधी तारीख नीट धरा. कुत्री हीटवर (माजावर) असताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो, म्हणून हीट संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ देतात. मांजरीला हा हिशेब लागू होत नाही. गाभण राहिली नाही तर मोसमात ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हीटवर येते. थांबत बसलात तर पिल्लंच होतील, त्यामुळे अनेक डॉक्टर तिचं ऑपरेशन हीटमध्येही करतात. मात्र हीटनंतर काही आठवड्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, जेवणावरून तिचं मन उडालं किंवा मागून पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा तारीख पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पू बाहेर दिसत नसला तरी धोका तेवढाच, किंबहुना जास्त.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृतासाठी एएलटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढं तरी हवंच. आपल्याकडे प्लेटलेटवर डोळा ठेवायचं कारण म्हणजे गोचीडताप. कुत्री वरून ठणठणीत दिसते, खाते-पिते, पण रक्तात अर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणारा या तापाचा जंतू, असला तर प्लेटलेट घटलेल्या असतात आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबता थांबत नाही. अशा वेळी आधी औषधांचा कोर्स पुरा करायचा, पुन्हा रक्त तपासायचं आणि मगच तारीख घ्यायची. मांजरीच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. आकडा फार खाली आला तर काचपट्टीवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.

औषधांबाबत काहीही लपवू नका. स्टेरॉइड, वेदनाशामक, फिटच्या गोळ्या, आयुर्वेदिक पूड, अंगावर टाकलेलं गोचिडाचं औषध, सगळं सांगा. शक्य तर पाकिटंच न्या. फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि मधुमेही जनावराला त्या सकाळी इन्सुलिन किती द्यायचं ते आदल्या दिवशी विचारून लिहून घ्यावं. पग, बुलडॉग, पर्शियन अशा बसक्या नाकाच्या जनावरांचं घोरणं, चालताना धाप लागणं हेही सांगा. भुलीतून बाहेर येताना त्यांचा श्वास अडकायची भीती अधिक असते आणि घशातली नळी काढायची वेळ डॉक्टर त्यावर ठरवतात. वजन दवाखान्यातल्याच काट्यावर करा. भुलीचा डोस किलोवर ठरतो, अंदाजाने सांगितलेलं वजन इथे चालत नाही.

आंघोळ दोन-तीन दिवस आधी घालून अंग पूर्ण कोरडं करा, कारण नंतर टाके निघेपर्यंत पाणी लावता येणार नाही. पोटावरचे केस मात्र घरी काढू नका. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होतो. ते काम दवाखान्यात भूल दिल्यावर होतं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन आधीच आणा आणि रोज थोडा वेळ घालून सवय लावा. त्याची कड नाकाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे यायला हवी. आखूड कोनातून जीभ टाक्यांपर्यंत पोचते.

आता उपवास. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. भूल दिली की घसा सैल पडतो; पोटात अन्न असेल तर ते उलटून श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. मोठ्या जनावराला साधारण आठ ते बारा तास अन्न बंद ठेवतात, म्हणजे सकाळी दहाला ऑपरेशन असेल तर रात्री दहाला शेवटचं जेवण, तेही हलकं, हाडांशिवाय. पाणी सहसा निघेपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांची वेळ पक्की माना. दूध म्हणजे पाणी नव्हे, ते अन्नातच धरायचं. चार महिन्यांखालच्या पिल्लाला मात्र एवढं उपाशी ठेवू नका, त्याची साखर घसरते. त्याला तीन-चार तास पुरतात. वेळ डॉक्टरांकडून नक्की करून घ्या.

बऱ्याच घरांत उपवास मोडतो तो प्रेमापोटी. सकाळी आजी चहात बुडवलेलं बिस्कीट पुढे करते, मुलं पोळीचा तुकडा टाकतात. आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगा, ओट्यावर चिठ्ठी लावा, वाटी उचलून ठेवा आणि कचऱ्याचा डबा झाकून ठेवा. मांजरीला रात्री एका खोलीत मातीचा ट्रे देऊन बंद करा, नाहीतर ती उंदीर किंवा पाल मारून खाईल. एवढं करूनही काही खाल्लंच, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तारीख पुढे जाईल, जीव वाचेल.

सकाळी कुत्रीला फिरवून शी-शू उरकून घ्या. ओठ वर करून हिरडीचा रंग पाहून ठेवा. रात्री तुलनेला तोच उपयोगी पडतो. ताप, खोकला, उलटी, जुलाब असतील तर निघायच्या आधी फोन करा. मांजर पिंजऱ्यातच न्या. पिंजरा आठवडाभर आधी घरात उघडा ठेवलेला असला, तर त्या दिवशी ओढाताण होत नाही. लसीची वही आणि रिपोर्ट बरोबर घ्या. शिरेत सलाईन लावणार का, भुलीत नजर कोण ठेवणार, वेदनाशामक किती दिवस द्यायचं आणि रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, ही चार उत्तरं सही करण्याआधी मिळवा.

घरी जमिनीवर उबदार अंथरूण तयार ठेवा, पंख्याखाली नको; भुलीनंतर अंग थंड पडतं. सोफ्यावर, पलंगावर उडी नको. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडं पाणी, मग नेहमीच्या पाव हिस्सा जेवण. दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी कधीही देऊ नका. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जखमेतून रक्त ठिबकत राहिलं, पोट फुगलं किंवा हाक मारूनही उठेना, तर सकाळची वाट न पाहता फोन करा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर कोन रात्रीसुद्धा काढायचा नाही.