मीटिंगला उठण्याआधी एक मिनिट

कोड अर्धवट टाकून मीटिंगला गेलं की मन तिकडेच अडकतं, आणि परतल्यावर ‘आपण नेमके कुठे होतो?’ हे शोधण्यात वेळ जातो. मागे रेंगाळणाऱ्या या लक्षावर संशोधक सोफी लेरॉय यांचं २००९ सालचं संशोधन प्रसिद्ध आहे. उपाय साधा आहे.

उठण्याआधी, जिथे थांबलात त्याच ओळीवर कॉमेंट (कोडमधली, फक्त माणसांनी वाचायची टीप) लिहा:

१. आत्ता काय चालू होतं.
२. परत आल्यावरची पहिली कृती.

‘व्हॅलिडेशन पूर्ण करणे’ असं मोघम नको. ‘तारीख रिकामी असेल तर एरर द्यायची; टेस्ट लिहिली, फंक्शन बाकी’ इतकं नेमकं हवं. त्याहून उत्तम म्हणजे मुद्दाम एक फेल होणारी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) सोडून जा. आल्यावर टेस्ट चालवल्या की लाल ओळ थेट जागेवर नेते.

कुणी हाक मारली तर ‘एक मिनिट, लिहून घेतो’ म्हणायची मुभा टीममध्ये सगळ्यांना हवी. हे लीडने स्वतः आधी म्हणावं, नाहीतर नवखे संकोचतात.

कॉमेंटच्या सुरुवातीला ठरावीक खूण ठेवा आणि ती दिसली तर कमिट (बदलांची नोंद) अडवणारा हुक, म्हणजे कमिटच्या वेळी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, लावा. नाहीतर या चिठ्ठ्या मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, जातात.