पोटगीचा अर्ज लांबवू नका
घटस्फोटाचा निकाल लागू दे, मग पोटगीचं बघू, असं म्हणत बऱ्याच जणी थांबतात. तसं करू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. दावा चालू असतानाच अंतरिम पोटगी मागता येते. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, म्हणून बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, मुलांच्या फीच्या पावत्या आत्तापासूनच जमवा. स्वतःची नोकरी मात्र लपवू नका. उलटतपासणीत ती बाहेर येतेच, आणि नोकरी आहे एवढ्यावरून हक्क जात नाही. (हिंदू विवाह कायद्याखाली नवराही पोटगी मागू शकतो, बरं का.) मासिक रक्कम ठरल्यावर परिस्थिती बदलली, तर ती वाढवून किंवा कमी करून मिळावी म्हणून पुन्हा अर्ज करता येतो.