अलंकार ओळखताना या चुका टाळा: 'परी' दिसली म्हणजे उपमा नव्हे

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवतो. अलंकारांचा धडा आला की प्रत्येक बॅचमध्ये त्याच चुका होतात, आणि बहुतेकींचं मूळ एका तक्त्यात असतं. मोबाइलवर फिरणारा तो तक्ता तुम्हीही पाहिला असेल: सारखा, सम, परी आलं की उपमा, जणू, गमे, भासे आलं की उत्प्रेक्षा, 'हून' आलं की व्यतिरेक. तक्ता खोटा नाही. पण मुलं ओळ वाचायची सोडून तक्ताच वाचतात, आणि तिथे घात होतो.

एकदा सराव चाचणीत मी ज्ञानेश्वरांची ओवी दिली:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजां जिंके ।

जवळजवळ सगळ्या वर्गाने 'उपमा' लिहिलं. एक हुशार मुलगा वाद घालायला उभाच राहिला. "सर, 'परि' आहे ना? साम्यवाचक शब्द आहे." मी म्हटलं, ओळीचा अर्थ सांग. तो गप्प. "पैज कोण जिंकतं?" "मराठी बोल." "कोणाशी लावलेली?" "अमृताशी." "मग बोल अमृतासारखे झाले, की अमृताहून सरस?" त्याने पुढचा प्रश्न यायच्या आत 'उपमा' खोडून 'व्यतिरेक' लिहिलं. इथला 'परि' म्हणजे साधा 'पण', त्याचा साम्याशी काही संबंध नाही. उपमेय (ज्याच्याविषयी बोललंय ते) उपमानावर (ज्याच्याशी तुलना केलीय त्यावर) मात करतं, म्हणून व्यतिरेक.

लगेच फळ्यावर दुसरी ओळ लिहिली: 'आहे ताजमहाल एक जगती, तो तोच त्याच्यापरी'. आता 'परी'चा अर्थ खरोखरच 'सारखा' आहे, आणि तरीही ही उपमा नाही! ताजमहालाला द्यायला दुसरं उपमानच सापडत नाही, त्याची तुलना त्याच्याशीच होते. हा अनन्वय. तोच शब्द, दोन ओळी, आणि दोन्हीकडे तक्त्याने तोंडघशी पाडलं.

माझी सवय सांगतो. आधी ओळीचा गद्य अन्वय करायचा, म्हणजे कवितेची ओळ साध्या बोलण्याच्या क्रमाने मांडायची, पेन्सिलने, पूर्ण वाक्यात. मग ज्याच्याविषयी बोललंय त्याखाली रेघ, ज्याच्याशी तुलना केलीय त्याला गोल. नंतर एकच प्रश्न: या दोघांचं नातं काय? मुख चंद्रासारखं आहे, तर उपमा. मुख जणू चंद्रच, तर उत्प्रेक्षा. मुखचंद्र म्हटलं, दोघांत फरकच ठेवला नाही, तर रूपक. हे मुख नव्हेच, हा चंद्र, तर अपन्हुती. चंद्राहून सुंदर, तर व्यतिरेक. मुलं म्हणतात, "सर, परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?" ज्यांनी घरी कधी अन्वय केलेला नसतो तीच असं म्हणतात. सवय झाली की ओळ वाचतानाच अन्वय होतो, हात लावावा लागत नाही.

काही चुका एका वाक्यात संपतात. ओळीच्या शेवटी अक्षरं जुळली की यमक झालं, असं धरून ओळीतला दुसरा अलंकार शोधायचाच सोडू नका. 'टेबलाचा पाय' यात रूपक शोधू नका, तो रोजच्या बोलण्यातला शब्द झालाय. आणि श्लेष, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, म्हणायच्या आधी ते दोन्ही मोठ्याने सांगून बघा. दुसरा सांगता आला नाही तर श्लेष म्हणू नका.

माझं दुसरं जुनं दुखणं म्हणजे रसग्रहण. "या कवितेत अनुप्रास अलंकार असल्यामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे." हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चिकटवता येतं, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. मार्गदर्शिकांनी ते मुलांच्या हाती दिलं आणि मुलांनी कविता वाचणं थांबवलं, याचा मला मनापासून राग येतो. बालकवींची 'फुलराणी' घ्या:

हिरवे हिरवे गार गालिचे, हरित तृणांच्या मखमालीचे;
त्या सुंदर मखमालीवरती फुलराणी ही खेळत होती.

'ह' आणि 'ग'चा अनुप्रास, म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, आहेच, कानाला तो लगेच कळतो. पण गवताला गालिचा आणि मखमल का म्हटलं? कारण पुढच्याच ओळीत राणी येणार आहे. तिच्यासाठी आधी गालिचे अंथरलेत. म्हणजे रूपक नुसतं गवताला नटवत नाही, ते फुलाला राणी करण्याची तयारी करतं. उत्तरपत्रिकेत एवढं लिहा. अलंकाराचं नाव लिहिलं की निम्मंच काम झालं. तो काढून टाकला तर ओळीतलं काय जाईल, हे लिहिल्याशिवाय मी पूर्ण गुण देत नाही.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत गोंधळ होतो, कारण दोन्हींत दाखला असतो. फरक सिद्धान्ताचा आहे. रघुनाथ पंडितांच्या काव्यात हंस पकडला जातो, बाकीचे पक्षी भिऊन पळतात, आणि शेवटी येतं: 'कठिण समय येता कोण कामास येतो?' एका हंसाच्या प्रसंगावरून सगळ्या जगाला लागू पडणारं विधान केलं, म्हणून अर्थान्तरन्यास. तुकोबा 'लहानपण देगा देवा' असं मागणं मागतात आणि मुंगीला मिळणारी साखर, ऐरावताला बसणारा अंकुशाचा मार शेजारी ठेवतात. तिथे वेगळा सिद्धान्त काढलेला नाही, मागण्यातली गोष्टच दाखल्यांनी पटवली आहे. म्हणून तो दृष्टान्त.