घरातलं मीठ कमी कसं करावं? सुरुवात पिशवीपासून

मीठ कमी करा, असं डॉक्टर सांगतात. पण आत्ता आपण किती खातो, हे चिमटीने टाकणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून मिठाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख टाका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमीच, तेही सगळं मिळून. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले तर किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. महिन्यातच संपली तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय. लोणच्याला आणि मासे धुवायला घेतलेलं मीठ यातून वजा करा. मात्र स्टेशनबाहेरचा वडापाव या हिशेबात नाही: पावात मीठ, वड्यात मीठ, चटणीत मीठ, आणि वर मिठात घोळवलेली तळलेली मिरची.

जास्तीचं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तदाब चढतो. बहुतेकांना तो जाणवतच नाही. ताण मात्र हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवर वर्षानुवर्षं पडत राहतो.

आता कात्री कुठे लावायची? आधी भात आणि कणीक. सोबत आमटी-भाजी असतेच, त्यामुळे या दोन्हींतलं मीठ गेलेलं फारसं कळत नाही. मग ताटात वाढायचं मीठ बंद. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातलं तर पाणी सुटतं, चव पातळ होते आणि पुन्हा मीठ पडतं. आमटीत मीठ थोडं कमी करून कोकम किंवा चिंच किंचित वाढवा. एकदम अर्ध्यावर आणू नका, घरात बंड होईल! दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं की काही आठवड्यांत जिभेला सवय होते. खारा बांगडा पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्या. पापड आणि लोणचं रोज एकाच ताटात नको.

फरसाणाच्या पाकिटामागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, तेवढं बघा.

सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. शिवाय आयोडीन हवं, म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरा, फक्त कमी. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच आणा. घरातल्या आजी-आजोबांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं मीठ परस्पर तोडू नका. रक्तातलं सोडियम फार उतरलं तर तोल जातो, भ्रम होतो. मीठ घटवल्यावर दाब उतरलेला दिसला तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळी कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.