डिजिटल वर्ग बंद का पडतो? या चुका टाळा

आमच्या शाळेतल्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांतच गेली. मेकॅनिकनं टोपणं उघडून दाखवली, आत प्लेटांवर पांढरा थर. उन्हाळ्यात पातळी उतरली म्हणून कुणीतरी (मीच) बोअरचं पाणी ओतलं होतं. आमच्याकडच्या घागरीला आठवड्यात क्षार धरतो, हे डोळ्यांसमोर असून! बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा.

सोलापूरचं ऊन आणि धूळ प्रोजेक्टरला सोसत नाही. शाळा सकाळची असली तरी दहानंतर पत्रा तापतो आणि प्रोजेक्टर आपोआप बंद पडतो. लगेच दुकानात नेऊ नका, आधी फिल्टर काढून झटका. खडूची भुकटी निघेल. तास संपल्यावर थेट बोर्डाचं बटण दाबू नका. रिमोटनं बंद करा, आतला पंखा थांबू द्या, मग बटण. अंधारासाठी खिडक्यांना काळा कागद चिकटवला तर वर्गाची भट्टी होते. दोन खिळे आणि जुनी सोलापुरी चादर पुरते, तास झाला की काढता येते.

‘नो सिग्नल’ आलं तर रिमोटवर सोर्स तपासा, मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र आहे पण आवाज नाही? एचडीएमआय केबल जोडली की आवाज बहुधा प्रोजेक्टरकडे जातो. खाली स्पीकरच्या चिन्हावरून बदला.

पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं काम आहे. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पण तो कोड भर वर्गात स्कॅन करू नका. चक्र फिरत राहतं आणि पोरं खिडकीबाहेर बघतात. आदल्या दिवशी रेंज असेल तिथं दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपमध्ये कोडमागचा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा.

मे महिन्यात टॅब पूर्ण उतरवून कपाटात ठेवू नका, निम्मं चार्जिंग ठेवा. बॅटरी फुगलेला टॅब चार्जिंगला लावूच नका.

आणि व्हिडिओ लावून मागं हजेरीपट भरत बसणं, ही चूक सगळ्यांत महाग. मीही बसायचो. एकदा जलचक्राचा व्हिडिओ मध्येच थांबवून विचारलं, “आता हा ढग कुठं रिता होणार?”

मागची पोरगी उठली. “उजनीवर, गुरुजी. आमच्याकडं कुठं पडतोय!”