आधी दहा गुंठे

आमच्या घरात शेती ही शिक्षा होती. मार्क कमी पडले, विहिरीवरची मोटार बंद करायची राहिली, शाळेतून यायला उशीर झाला, की अण्णांचं वाक्य ठरलेलं: "नीट शिक, नाहीतर आहेच खुरपं." दादाने ते मनावर घेतलं. तो इंजिनियर झाला, पुण्याला गेला. माझ्या हातात खुरपं राहिलं. आज नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात सासरची अडीच एकर द्राक्षबाग आणि दीड एकर भाजीपाला मी बघते. आणि गेल्या एप्रिलमध्ये दादाचाच मुलगा, दहावीचा शेवटचा पेपर देऊन सुट्टीला आलेला, मला म्हणतो, "आत्या, मला शेती करायचीय." रात्री दादाचा फोन. "मोबाईलवर काहीतरी बघून आलाय. तेवढं खूळ काढ त्याच्या डोक्यातून."

मी खूळ काढलं नाही, वाढवलंही नाही. त्याला दहा गुंठे रान दिलं आणि एक शंभर पानी वही दिली. शेतीचा विचार करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या कुणालाही मी हेच सांगेन. हो म्हणायच्या आधी आणि नाही म्हणायच्याही आधी, एक पीक पेरण्यापासून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात येईपर्यंत स्वतः करून बघ. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. नुकसान झालं तर घर बुडत नाही, आणि अंग मात्र बरोबर दुखतं.

माझे दहा गुंठे 2006 सालचे. दहावीची सुट्टी होती, अण्णांनी विहिरीजवळचा तुकडा दिला, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. मी कोथिंबीर टाकली. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघते, भांडवल कमी, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात तिची ओढ असते, एवढं ऐकून माहीत होतं. धने रगडून दोन फाडी करायचे असतात, नाहीतर उगवण विरळ होते, हे आईने सांगितलं. वाफे आखले, एक दिवसाआड पाणी दिलं, तण काढलं. अकराशे जुड्या निघाल्या. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर बोलतात. माझ्या मालाला शेकडा सातशे मिळाले. सात हजार सातशे रुपये! बियाणं, खत, टेम्पोचं भाडं, हमाली, आडत वजा जाऊन पाच हजार शंभर उरले. घरी येताना टेम्पोत पुढे बसले होते मी, मागे नाही.

रात्री अण्णांनी वही मागितली. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, "तुझ्या आईने तीन दिवस जुड्या बांधल्या, ती मजुरी कुठंय? तुझी कुठंय? माझं पाणी फुकट आलं का?" सगळं लिहिलं तेव्हा पाच हजार शंभराचे दीड हजार झाले. रडू आलं होतं. पण त्या रात्री मला जे कळलं ते पुढे कॉलेजात चार वर्षांत कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नाही: घरच्या माणसांची मजुरी हिशोबात धरत नाहीत, म्हणून कितीतरी घरांना आपण वर्षानुवर्षं तोट्यात आहोत हेच कळत नाही.

मी हट्टाने त्याच जागी पुन्हा कोथिंबीर टाकली. जुलैचा पाऊस लागला, निम्मी मर झाली, आणि उरलेली काढायच्या वेळेस शेकडा नव्वद. काढणीची मजुरीसुद्धा निघेना. शेवटी त्यात मेंढ्या सोडल्या. दुसऱ्या पानावर तोटा लिहिताना पेन जड होतं, पण ते पान पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

तर वहीत काय लिहायचं? तारीख, काम, किती माणसं, किती तास. स्वतःचे तासही, गावात चालू असलेल्या रोजाच्या दराने. प्रत्येक औषधाचं नाव, त्यातला घटक, किती लिटर पाण्यात किती टाकलं. पाऊस कधी आला. विक्रीची पट्टी त्याच पानाला टाचून ठेवायची. आणि एक ओळ मनातली: आज कंटाळा आला का? हे शेवटचं फालतू वाटेल, पण हंगाम संपल्यावर तेच आधी वाचायचं. सलग पंधरा दिवस कंटाळा लिहिला असेल तर त्यात लाज कसली? दहा गुंठ्यांत कळलं ते बरं.

भावाचं गणित मात्र वहीतून सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किरकोळीत शंभर रुपयांच्या वर गेला. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेट घेऊन जाणाऱ्यांकडे लोक वळून बघायचे. सप्टेंबरात तोच माल मातीमोल. जुलैचा भाव बघून ज्यांनी लागवड केली त्यांचा माल बरोबर पडझडीत बाजारात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं आणि 8 डिसेंबरला निर्यातबंदीच झाली. ती उठली 2024 च्या मे महिन्यात. कांदाचाळीत साठवलेला माल चांगला की वाईट याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. तेव्हा सगळं रान एकाच पिकाखाली घालायचं नाही, आणि शेजाऱ्याला पैसे झाले म्हणून त्याचं पीक आपण पुढच्या वर्षी करायचं नाही. हे दोन नियम मी मोडले की मला शिक्षा झाली आहे.

आता शिक्षणाचं. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयात पदविका करता येते. बारावी सायन्स करून एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली तर बीएस्सी अ‍ॅग्री, चार वर्षं. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, आणि त्यांच्याशी जोडलेली भरपूर खाजगी कॉलेजं. खाजगीत प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन प्रक्षेत्र बघून या. कॉलेजच्या रानात तण माजलं असेल तर काय ते समजा. उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान याही पदव्या आहेत. घरची शेती सांभाळून शिकायचं असेल त्याला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सोयीचं.

मी राहुरीला शिकले. आमच्या वर्गातली निम्मी मुलं पहिल्या वर्षापासून स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसायची. त्यांना मी नावं ठेवत नाही, घरून तसंच सांगून पाठवलेलं असतं. पण ज्याला परत रानात यायचंय त्याने माती, कीड-रोग आणि अर्थशास्त्र हे विषय जीव लावून करावेत. चौथ्या वर्षी गावात राहून कार्यानुभव असतो, तो फोटो काढण्यापुरता उरकू नये.

पदवी कुठे कामाला आली ते सांगते. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून. तिथली तेव्हाची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या छाटणीनंतर, वेलीची शेंडेवाढ थांबावी, काडीत घड तयार व्हावा, म्हणून आपल्याकडे ते सर्रास मारायचे. अण्णांचा माल ज्यांच्यामार्फत गेला होता त्यांचे पैसे अडकले आणि आमचेही. अण्णा मला विचारत होते, "एप्रिलच्या छाटणीला मारलेलं औषध पुढच्या फेब्रुवारीच्या मण्यात कसं काय?" मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. औषध वेलीच्या खोडात, ओलांड्यात म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्यांत साठून राहतं आणि पुढच्या बहरात फळात उतरतं, हे मला त्यांना कागदावर वेल काढून समजावता आलं. पैसे त्याने परत आले नाहीत. पण त्या वर्षानंतर अण्णा दुकानदाराने दिलेली बाटली आधी मला दाखवायला लागले. घटक कोणता, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे बघितल्याशिवाय आजही आमच्या बागेत पंप सुरू होत नाही.

पंपावरून आठवलं. अठरा वर्षांखालच्या कुणीही फवारणी करायची नाही. भाच्याने फार हट्ट केला, मी ऐकलं नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. "काही होत नाही, आम्ही उघड्या अंगाने मारतो" असं सांगणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांच्यापासून लांब राहा.

मुलींसाठी वेगळं चार ओळी. द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, पॅकिंग, बहुतेक सगळं बायकांच्या हातून होतं, आणि निर्णयाच्या वेळी त्या चहा करायला आत जातात. सासरी पहिली तीन वर्षं मीही गेले. माझी वही बघून सासऱ्यांनी खताची यादी माझ्याकडे दिली, तिथून बदल झाला. सातबारा आणि आठ अ हे जमिनीचे उतारे वाचायला शिका. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात तो 1994 पासून, देशभर 2005 पासून. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण कागद न वाचता, लग्नाच्या गडबडीत सही करू नका.

घरी जमीनच नसेल तर? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. खंडाने किंवा निम्म्या वाट्याने करता येते, तोंडी नको, लिहून घ्या. आणि रानाबाहेरही शेतीच आहे. रोपवाटिका, माती-पाणी तपासणी, पॅकहाऊस, ड्रोनने फवारणी. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत प्रतवारीपासून निर्यातीच्या कागदपत्रांपर्यंत शिकलेली मुलं लागतात. माझ्या मैत्रिणीने एक गुंठाही नसताना टोमॅटो-मिरचीच्या रोपांची नर्सरी उभी केली. माझ्यापेक्षा तिचं बरं चाललंय, हे मी तिच्या तोंडावर कबूल करत नाही.

द्राक्षाच्या वाट्याला एकदम जाऊ नका. मांडव, ठिबक, ज्यावर कलम बांधतात तो डॉगरीज जातीचा खुंट, कलम, असा लाखांत खर्च आणि पहिला पैसा दिसायला दोन-अडीच वर्षं. फेब्रुवारीत तासभर अवकाळी पडला तर मणी तडकतात. थंडीच्या लाटेत पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या. ती पहाट मला आवडते, खरं सांगते. निफाडकडून गार वारं येतं, सगळ्या शिवारात धूर, आणि बांधाबांधावरून लोक एकमेकांना हाका मारत असतात. पण आवडतं म्हणून हप्ता भरला जात नाही.

लग्नाचा प्रश्नही खराच आहे. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, हे आमच्या गावात घरोघर दिसतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच बघितलंय की ज्या घरात बाईच्या कामाचा हिशोब होतो, तिथे सोयरीक जुळायला तुलनेने कमी त्रास होतो.

भाच्याने कोथिंबीरच टाकली, माझं ऐकून नाही, चाळीस दिवसांत संपते म्हणून. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले. एका रात्री लाइट गेली आणि पाण्याची पाळी चुकली, दोन वाफे वाळले. सातव्या पानावर "आज फार कंटाळा", आठव्यावरही तेच, अकराव्यावर "उगवली!!" जूनमध्ये माल गेला. वहीत त्याने नफा लिहिला तीन हजार दोनशे. मी चष्मा लावला आणि त्याच्या दीड महिन्याच्या तासांचं विचारलं. खाली मान घालून तो बराच वेळ कॅल्क्युलेटर दाबत बसला. अकराशे चाळीस रुपये तोटा निघाला.

दादाला फोनवर सांगितलं तर तो खूश. "चला, सुटलो." पण पोरगं वही घेऊन गेलंय पुण्याला, आणि दिवाळीच्या सुट्टीत परत येतो म्हणालंय. आमची ऑक्टोबर छाटणी तेव्हा ऐन रंगात असते, घड नसलेल्या वांझ फुटी काढायला माणसं कमीच पडतात. रोज किती देणार, हेही त्याने आधीच विचारून घेतलंय.