मरीन टँकमध्ये आगंतुक खेकडा सापडला? तो कोण, हे असं ओळखा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ठेवायच्या लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत जीवजंतू असलेल्या सच्छिद्र दगडाच्या, भोकाभोकांत काय दडलंय, याचा अंदाज विकणाऱ्यालाही नसतो. दगड टँकमध्ये नीट बसवला, काही आठवडे सुरळीत गेले, आणि एक दिवस फटीतून नांगी बाहेर येते. असं झालं की बहुतेकजण आधी चिमटा शोधतात. कृपा करून थांबा. या आगंतुकांत काही खरोखर घातक असतात, काही निरुपद्रवी, आणि काही असे, की त्यांना काढलं तर प्रवाळाचंच नुकसान होतं. रंगावरून यातलं काही कळत नाही, कारण एकाच जातीत तपकिरी, लाल, हिरवट असे सगळे रंग सापडतात. पाय, नांग्या आणि मुक्कामाची जागा बघायची.

१. रात्री, लाल उजेडात बघा

मुख्य दिवे बंद होऊन तास-दोन तास गेले, की टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरची दुहेरी घडी रबराने बांधा. लाल प्रकाश खेकड्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बिनधास्त फिरतात. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. नंतर थांबवून थांबवून बघता येतो, आणि जाणकाराला दाखवायलाही बरा पडतो.

२. पाय मोजा

नांग्या सोडून चालायच्या पायांच्या चार जोड्या दिसल्या, तर तो खरा खेकडा. तीनच जोड्या दिसल्या आणि डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने लांबलचक मिशा निघालेल्या असल्या, तर तो पोर्सेलिन क्रॅब. पंख्यासारखे केसाळ अवयव पाण्यात फिरवून तो तरंगणारे अन्नकण गाळून खातो. त्याच्यापासून कुणालाही धोका नाही, खुशाल राहू द्या.

पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असेल, तर तो पोहणारा खेकडा आहे. कोळीवाड्यातली चिंबोरी याच कुळातली. हे चपळ शिकारी असतात आणि झोपलेला मासाही धरतात. त्याला काढावंच लागेल.

३. नांग्यांची टोकं नीट बघा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे घाई नको. नांगी मिटलेली असताना टोकं कशी जुळतात ते बघा. टोकं बोथट आणि आतून चमच्यासारखी खोलगट असतील, तर खेकडा मुख्यतः शेवाळ खरवडून खाणारा. कॅरिबियनमधला हिरवा एमराल्ड क्रॅब याचं ठळक उदाहरण. टँकमध्ये माजणारं फुग्यांचं शेवाळ खाण्यासाठी तो लोक मुद्दाम विकत आणतात. (पोट भरलं नाही तर तोही प्रवाळ कुरतडतो, हे मात्र ध्यानात ठेवा.)

टोकं अणकुचीदार, नांग्या जाडजूड, त्यातली एक दुसरीपेक्षा मोठी, आणि आतल्या कडेला गोल दाढेसारखे उंचवटे असतील, तर तो शंख फोडून खाणारा समजा. अंगावर दाट केस आणि नांग्यांची टोकं काळी असलेल्या अशा खेकड्यांना हौशी मंडळी गोरिला क्रॅब म्हणतात. यातले बरेचसे झँथिडी या कुळातले. टँकमधल्या गोगलगायींचे रिकामे, कडा फुटलेले शंख सापडू लागले, तर संशय यांच्यावरच घ्या. पण नुसत्या काळ्या टोकांवरून निकाल देऊ नका, कारण झँथिडींतही चमच्यासारख्या नांग्यांचे शाकाहारी आहेत.

कोळंबीचा तुकडा टाकून परीक्षा घ्यावी, असंही सांगितलं जातं. त्यावर माझा विश्वास नाही. आयतं मांस कुठलाच खेकडा सोडत नाही. आपण काही न देता तो रात्रभर काय करतो, ते बघा.

४. मुक्काम कुठे आहे?

पोसिलोपोरा किंवा अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्यांमध्येच राहणारा, गुळगुळीत, चकचकीत, चपट्या पाठीचा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा खेकडा दिसला, तर तो बहुधा ट्रॅपेझिया किंवा टेट्रॅलिया. हे प्रवाळाचे राखणदार. त्याच्यावरचा चिकट स्राव खातात, गाळ झटकतात आणि काटेरी तारामासा चालून आला, तर त्याच्या पायांना चिमटे काढून हुसकावतात. पॅसिफिकमधल्या मोरिया बेटाजवळ संशोधकांनी काही प्रवाळांवरचे असे खेकडे काढून पाहिले, तेव्हा त्यातली बरीच प्रवाळं महिन्याभरात दगावली. २००६ साली ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली. म्हणून फांद्यांतला खेकडा दिसला की आधी त्याची पाठ बघा. गुळगुळीत असेल तर हात लावू नका. पाठ केसाळ असेल आणि फांद्यांच्या बुडाशी पांढरे चट्टे वाढत असतील, तर तो तुकडा वेगळा काढून तपासा.

५. कात हातात आली, तर जपून ठेवा

एखाद्या सकाळी मेलेला खेकडा तळाशी दिसतो आणि रात्री तोच खेकडा पुन्हा फिरताना दिसतो. तळाशी असते ती त्याची कात. मागची कड उघडी, आतून पोकळ, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या. गोड्या पाण्यात हलकेच धुऊन पांढऱ्या बशीत ठेवा आणि भिंगाखाली बघा. नांग्यांची टोकं, पाठीच्या कडेचे दात, पायांवरचे केस सगळं निवांत मोजता येतं. जिवंत खेकडा एवढं कधीच बघू देत नाही.

६. काढायचा ठरला, तर

गुळगुळीत काचेचा पेला दगडाला टेकवून तिरका ठेवा आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाका. आत उतरलेल्या खेकड्याला काचेवर पकड मिळत नाही. तो येतच नसेल आणि बीळ नक्की माहीत असेल, तर दगड बाहेर बादलीवर धरून बिळात सिरिंजने साधं सोडावॉटर (बुडबुड्यांचं, बिनचवीचं) सोडा. खेकडा बाहेर पडतो. दगड टँकच्याच पाण्याने धुऊन परत ठेवा.

जागा असेल तर त्याला संपमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवा. तिथे तो उरलंसुरलं खाऊन छान जगतो. समुद्रात किंवा खाडीत सोडू नका. आपल्याकडच्या समुद्रातला चॅरिब्डिस हेलेरी हा पोहणारा खेकडा १९८०च्या दशकात कॅरिबियनमध्ये पोचला आणि पुढे फ्लोरिडा, ब्राझीलपर्यंत पसरला. उलट दिशेनेही हे घडू शकतं.

झँथिडी कुळातल्या काही खेकड्यांच्या अंगात सॅक्सिटॉक्सिन आणि टेट्रोडोटॉक्सिन ही विषं असतात, आणि ती शिजवूनही जात नाहीत. म्हणून अनोळखी खेकडा हातमोजे घालून धरा. मेला तर कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, मांजराला किंवा दुसऱ्या माशांना घालू नका.